‘पालकच तयार नसतात’

समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांबरोबर साधारण शाळेतच शिकवण्याचं कुठलंही प्रशिक्षण असो, जेवणानंतरच्या चर्चेत एक वाक्य हमखास येतं. ‘आम्ही करायला तयार आहोत हो, पण पालकच तयार नसतात.’ कधी ते मुख्याध्यापक म्हणतात, कधी केंद्रप्रमुख, कधी माझ्यासारखीच एखादी विशेष शिक्षिका. माना डोलतात. फळ्यावर ‘पालकांची मानसिकता’ असं लिहिलं जातं, त्याखाली ‘जाणीवजागृती’ येते आणि पुढचं सत्र सुरू होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात गटसाधन केंद्राची (तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राची) विशेष शिक्षिका म्हणून मी गावोगाव फिरते. माझा अर्धा दिवस शाळेत जातो आणि अर्धा कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर. ओट्यावर बसून जे ऐकलं, त्यानंतर मला हे वाक्य मान्य करता येत नाही. पालकांचं मत घरात तयार होत असेल असं आपण धरून चालतो. ते शाळेच्या दारात तयार होतं. पहिल्यांदा मुलाला घेऊन गेलेल्या आईशी तिथे कोण कसं बोललं, ‘बघू’ म्हणाले की ‘या’ म्हणाले, मूल रडलं तेव्हा कुणी जवळ घेतलं की आईला फोन केला, यावरून पुढच्या आठ-दहा वर्षांचं मत ठरून जातं. मग आपण त्या मताला मानसिकता म्हणतो आणि ती बदलायला पत्रकं छापतो.

एका घराबद्दल जरा सविस्तर सांगते.

मुलगा आठ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी असलेला, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेला. दोन्ही पाय ताठ, उच्चार अस्पष्ट, पण समजतं सगळं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की नुसत्या आवाजावरून तो कुणाचा ते सांगतो. शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. पटावर नाव आहे, वर्गात मात्र हा महिन्यातून चार-पाच दिवस. शाळेतल्या गुरुजींचं म्हणणं, आई नियमित आणत नाही. गुरुजी चांगले आहेत, मुलाशी प्रेमानं वागतात, त्याच्यासाठी त्यांनी पहिल्या बाकाजवळची जागा मोकळी करून ठेवली आहे. म्हणून मी आईला भेटायला गेले. ती तेव्हा गोठ्यात शेण काढत होती. हात धुऊन आली, माझ्यासमोर पाणी ठेवलं आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, “बाई, शाळंत घालायला मी कुठं न्हाई म्हणतीय? पर त्याला शाळंत बसवायचं म्हंजी मलाबी शाळंत बसायला लागतंय.”

मग मी तिच्याबरोबर शाळेत गेले. दर्शनी बाजूला रॅम्प आहे, कठडा आहे, निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेलं आहे. तपासणीला कुणी आलं की याच रॅम्पचा फोटो निघतो. स्वच्छतागृह शाळेच्या मागच्या अंगाला. तिथे जायला खडीची वाट, पुढे दोन पायऱ्या, दार अरुंद आणि आत खाली बसायचं भांडं. धरायला काहीही नाही. मुलाला लघवीला न्यायचं तर कुणीतरी उचलूनच न्यावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. दुपारच्या सुट्टीत तिला घरी असावं लागतं. भांगलणीची टोळी सकाळी एकदा रानात गेली की दिवस मावळायलाच परत येते. मध्येच उठून जाणाऱ्या बाईला टोळीत कोण घेणार? म्हणजे मुलगा शाळेत त्या दिवशी आईची हजेरी बुडाली. मदतनीस भत्त्याची सोय सरकारी योजनेत आहे, पण ती रक्कम तिच्या मजुरीच्या जवळपासही जात नाही.

महिन्यातले चार-पाच दिवस ती मजुरी सोडते आणि त्याला शाळेत पाठवते. मी याला उदासीनता म्हणणार नाही. तिला जेवढं परवडतं तेवढं शिक्षण ती त्याला देते आहे. गैरहजेरीचं कारण लिहायच्या रकान्यात मी ‘स्वच्छतागृहाला पायऱ्या’ असं लिहिलं. वरच्या कार्यालयातून विचारणा झाली, की हे कारण यादीत नाही, यादीतलं निवडा. मी ते बदललं नाही.

कायद्याचं म्हणाल तर तो आपल्या बाजूनं आहे, आणि आज-काल नव्हे. साधारण शाळेतच या मुलांना शक्य तितकं शिकवावं, हे कोठारी आयोगानं १९६४ ते ६६ च्या काळात सांगून ठेवलं. एकात्म शिक्षणाची केंद्राची योजना १९७४ ची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं त्यातल्या वंचित गटात आली. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले. ऑटिझम (स्वमग्नता) आणि अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनात येणारी अडचण, हे दोन्ही त्यात आले. याच कायद्यानं ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क दिला. पण यातले सुरुवातीचे कायदे आणि योजना असतानाही २०११ च्या जनगणनेत ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के मुलं कधीच कुठल्या शाळेत गेलेली नव्हती. एवढ्या सगळ्या घरांत मुलांना शिकवायची इच्छाच नव्हती, असं मानायला माझं मन तयार होत नाही.

‘पसंतीच्या’ म्हटलं, पण पसंती करायला दोन गोष्टी समोर लागतात. आमच्या तालुक्यात विशेष शाळा गाठायची तर आधी एसटीचा स्टँड गाठावा लागतो, आणि गावातली शाळा ‘आमच्याकडे तसे शिक्षक नाहीत’ म्हणते. अशा वेळी पालक जे निवडतात ती पसंती नसते, जे उरलं ते पदरात घेणं असतं.

विशेष शाळांचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. मुंबईत मिथू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, ती त्यांच्या मुलीसाठी जागा नव्हती म्हणून. मालिनी चिब ही ती मुलगी. सेरेब्रल पाल्सी असलेली, पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली. आईनं आधी विशेष शाळा काढली, आणि पुढे त्याच संस्थेनं मुलांना साधारण शाळांत पाठवायचं काम हाती घेतलं, स्वतःचं नावही बदललं. म्हणजे वेगळी शाळा हा पालकांचा हट्ट नव्हता. दार बंद मिळालं म्हणून त्यांनी शेजारी दुसरं दार बांधलं. आज कुणी पालक विशेष शाळेचा आग्रह धरतो तेव्हा त्याला मागासलेला ठरवण्याआधी त्याला कुठलं दार बंद मिळालं होतं ते विचारायला हवं.

आणि कधी कधी तो आग्रह बरोबरच असतो. माझ्याकडच्या एका कर्णबधिर मुलीचे वडील तिला निवासी मूकबधिर शाळेत घालायचं म्हणून हटून बसले. गावातली शाळा चांगली, बाई मनापासून शिकवणाऱ्या. तरी वडील ऐकेनात. शेवटी म्हणाले, “मॅडम, इथं हिच्यावर सगळे माया करतात. पण हिच्याशी बोलतं कोण?” ती तिसरीपर्यंत त्या वर्गात बसली होती, वही सुंदर होती, फळ्यावरचं सगळं उतरवून घेत होती. मधल्या सुट्टीत मात्र भिंतीला टेकून उभी. निवासी शाळेत पहिल्या महिन्यात तिला भेटायला गेले तेव्हा ती मैत्रिणींशी हातांनी इतक्या वेगानं भांडत होती, की मला अर्धंही कळलं नाही. वडिलांचा निर्णय मला पटला. आपल्या भाषेत बोलणारं कुणी नसलेल्या वर्गात नुसतं बसवण्याला समावेशन म्हणता येणार नाही. गावातल्या शाळेत खुणांची भाषा येणारं एक माणूस असतं, तिच्यासारखी आणखी दोन-तीन मुलं असती, तर कदाचित वडिलांनी मुलीला नजरेआड केलं नसतं. त्यांना ते सोपं गेलं नाही. परत येताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

आता दुसऱ्या पालकांबद्दल, म्हणजे ज्यांच्या मुलांना काही अडचण नाही त्यांच्याबद्दल. खेड्यातल्या शाळांत यांचा विरोध मला फारसा दिसला नाही. गावातलं पोरगं आहे, सगळ्यांना माहीत आहे, बसू दे की, असा सूर असतो. चिडवणं असतं, तेही कमी नसतं. पण ‘याला वर्गातून काढा’ असं लेखी द्यायला कुणी येत नाही. ते मी पुण्यात पाहिलं. माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा स्वमग्न. पहिलीत होता. घंटा वाजली की कानावर हात ठेवून किंचाळायचा, एकदा शेजारच्या मुलाच्या हाताला चावला. त्या रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आम्हीही फी भरतो’पासून सुरुवात झाली आणि आठवड्याभरात सह्यांचं पत्र मुख्याध्यापिकेच्या टेबलावर गेलं. मैत्रीण स्वतःच्या खर्चानं शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसून मदत करणारी शिक्षिका ठेवायला तयार होती. शाळेनं तिला बोलावून अतिशय गोड शब्दांत दाखला घ्यायला सांगितलं.

ज्यांनी सह्या केल्या त्यांचा मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण त्यांना शाळेनं काय सांगितलं होतं? काहीच नाही. वर्गात असं मूल आहे, त्याला कशाचा त्रास होतो, चावल्यावर शाळेनं काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय ठरवलं, यातलं एक अक्षरही कुणी बोललं नाही. गप्प बसलेल्या शाळेत अफवाच बोलतात.

तो मुलगा नंतर ज्या शाळेत गेला, तिथल्या वर्गशिक्षिकेनं आधी आईची परवानगी घेतली आणि मग वर्गाला पाच मिनिटांत सांगितलं, की याचे कान आपल्यापेक्षा फार तिखट आहेत, घंटा याला दुखते. त्याची जागा दाराजवळ ठेवली. घंटेच्या आधी त्याला हलकेच खुणावायचं, मग तो स्वतःच बाहेर जाऊन उभा राहायचा. पहिल्या पालकसभेत एका वडिलांनी सरळ विचारलं, “त्याच्यामुळे बाकीच्यांचा पोर्शन मागे पडतो का?” मैत्रीण तिथेच बसलेली. बाईंनी विषय टाळला नाही, ‘असं बोलू नका’ म्हणून त्यांना गप्पही केलं नाही. टाचणवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. शेजारच्या तुकडीचा आणि या तुकडीचा, दोन्हींचा अभ्यासक्रम एकाच ठिकाणी होता. वडिलांनी पानं उलटून बघितली, ‘ठीक आहे’ म्हणाले आणि दुसरा प्रश्न विचारला तो वार्षिक सहलीचा.

या घटनेतून मी शिकले ते हे, की दुसऱ्या पालकांची भीती उपदेशानं जात नाही. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं की ती बरीचशी जाते. उत्तर देता येण्यासारखं कामही झालेलं असावं लागतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००७ साली नेमक्या याच भीतीचा मागोवा घेतला. विशेष गरजा असलेली मुलं वर्गात असली की बाकीच्यांच्या अभ्यासावर काय परिणाम होतो, यावरचे २६ अभ्यास त्यांनी एकत्र तपासले. ८१ टक्के निष्कर्षांत परिणाम चांगला होता किंवा काहीच नव्हता. उरलेल्यांत तो वाईट होता, आणि तेही पालकांना सांगायला हवं. कारण नुसतं मूल वर्गात आणून बसवलं, वर्गात एकच शिक्षक, त्याला मदत शून्य, तर सगळ्यांचंच नुकसान होतं. त्या वडिलांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये जगभरातले पालकांच्या मतांवरचे अभ्यास पाहिले, त्यातलीही एक गोष्ट मला अगदी ओळखीची वाटली. समावेशन चांगलं आहे असं म्हणणारे पालक पुष्कळ, पण ज्यांचं मूल खरंच विशेष गरजांचं आहे ते जास्त बिचकतात. माझं मूल तिथे रडवेलं होईल का, त्याच्याकडे वेगळं लक्ष कोण देईल, थेरपी कुठे मिळेल, हे त्यांचे प्रश्न. भांगलणीला जाणारी आई आणि परदेशातली आई एकच विचारतात.

प्रमाणपत्राचा विषय निघाला की मात्र पालक खरोखरच मागे सरतात, आणि तिथे मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. अध्ययन अक्षमता असलेली मुलगी. तोंडी विचारलं तर सगळं येतं, वाचायला दिलं की अक्षरं नाचतात. तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, आणखीही सवलती आहेत. आई तयार असते. वडील तयार असतात. मग आजी विचारते, “कागद काढला तर उद्या पाहुण्यांना काय सांगायचं?” संपलं. मुलगी नववीपर्यंत ‘आळशी’ म्हणून जगते, कारण आळशी मुलीचं लग्न होतं आणि प्रमाणपत्रवाल्या मुलीचं होणार नाही असं घर मानतं. हे आजीच्या डोक्यातलं आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांनी नकार कळवायचा ते ‘पाहुणे’ आपल्याच गावात राहतात, त्यांच्यात शिक्षकही असतात.

आणि शाळा त्या भीतीला खतपाणी घालतात. नववीचा निकाल लागला की काही पालकांना बोलावणं जातं. दहावीचा शंभर टक्के निकाल शाळेला हवा असतो. मग ‘त्याला ताण नको द्यायला’ अशा काळजीच्या सुरात दाखला हातात पडतो आणि मुलाला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवायचा सल्ला मिळतो. ज्या मुलाला सर्वांत जास्त शाळा हवी तो दहावीला शाळेविना. असं ज्यांच्या घरात झालं, त्यांच्या शेजारचे, भावकीतले सगळे पालक त्यातून एकच धडा घेतात, की अडचण लपवा. सवलत मागायला गेलेल्याचा दाखला निघाला हे एकदा गावानं पाहिलं की माझ्या दहा बैठका वाया जातात.

शिक्षकांवर सगळं ढकलायचं माझ्या मनात नाही. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या बाईंनी आणखी काय काय करायचं? सर्वोच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात शाळांतल्या विशेष शिक्षकांच्या गरजेवर बोट ठेवलं. आमच्यातल्या कित्येकांनी कंत्राटावर उमेदीची वर्षं काढली. एका विशेष शिक्षिकेकडे इतक्या शाळा असतात, की एखाद्या मुलापर्यंत ती पुन्हा पोचते तेव्हा मागच्या वेळी शिकवलेलं तो विसरलेला असतो. मग पालक म्हणतात, “तुम्ही येता, बरं वाटतं, पण तुम्ही जाता.” त्यांच्या अविश्वासाला एवढं सरळ कारण आहे.

वडिलांबद्दल एक सांगायचं राहिलं. शिबिराला, थेरपीला, शाळेत आईच येते. वडील येतात ते कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा चाकाची खुर्ची मिळायची असली की, तीही उचलून न्यायची म्हणून. पण असाही बाप मी पाहिला आहे, जो गवंडीकाम करतो आणि ज्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतःची वाळू-सिमेंट आणून शाळेच्या मागच्या पायऱ्यांवर उतार घातला. कुणाची परवानगी घेतली नाही. मुख्याध्यापक आधी घाबरले, मग त्यांनी लोखंडी नळीच्या कठड्याचे पैसे स्वतः दिले. त्याची मुलगी आता रोज शाळेत येते. त्या बापाला कुठल्याच जाणीवजागृतीची गरज नव्हती.

गेल्या वर्षापासून मी एक वेगळं काम धरलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, आणि त्यात वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. दिव्यांग मुलं त्या वंचित गटात येतात, हे वर आलंच आहे. म्हणजे आमच्या मुलांचे आईबाप समितीत बसणं हा कायद्याचा भाग आहे, कुणाची मेहेरबानी नाही. मी ज्या शाळांत जाते तिथे समितीचा फलक बघते आणि विचारते, यातलं कोण? बहुतेक ठिकाणी कुणीच नसतं. कुणाला ते माहीत नसतं, मुख्याध्यापकांनाही नसतं, सांगितल्यावर बरेच जण लगेच मान्यही करतात.

दोन शाळांत आया समितीत आल्या आहेत. एकीनं पहिल्याच बैठकीत स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी वाढवायचा ठराव मांडला. इतर सदस्यांना आधी कंपाउंडची भिंत हवी होती. वाद झाला, आवाज चढले, ठराव पुढच्या बैठकीवर गेला. ती मला फोनवर म्हणाली, “बाई, तेवढा त्यो कायद्याचा कागद द्या. कलम कुठलं ते मलाच वाचून दाखवायचंय.” शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१, तिला समितीत जागा देणारं. प्रत मी तिला मराठीतून काढून दिली आहे, पुढची बैठक पंधरा तारखेला आहे.